गोठ्यातली ६७ ची फियाट घरीच उभी करायची आहे: आधी इंजिन की आधी पत्रा?

दूधगंगा | ९ नोव्हेंबर २०२४

नमस्कार मंडळी. वर्षभर इथले धागे वाचतोय, लिहायला आज पहिल्यांदा बसलो.

आमच्या गोठ्यात आजोबांची १९६७ ची फियाट ११०० डिलाइट उभी आहे. आजोबा डॉक्टर होते. कागलच्या पंचक्रोशीत बाळंतपण अडलं की रात्री दोनला कुणीतरी दार वाजवायचं आणि ही गाडी निघायची. गावातली निदान पाच माणसं तिच्या मागच्या सीटवर जन्मली, असं आजी सांगते. त्यातला एक आता आमच्याच गल्लीत किराणा दुकान चालवतो आणि गाडीला 'माझी खोली' म्हणतो.

२००३ मध्ये आजोबा गेले आणि गाडी गोठ्यात लागली ती लागलीच. मागच्या सीटवर कोंबड्यांनी अंडी घातली, डिकीत कडब्याची पोती राहिली. भंगारवाला दर वर्षी येतो. बाबा दर वर्षी त्याला चहा पाजून परत पाठवतात.

मी ठरवलंय, गाडी घरीच दुरुस्त करायची. शनिवार-रविवार माझा. पान्यांचा सेट, जॅक, दोन स्टँड, छोटा कॉम्प्रेसर आहे. शेतावरचं वेल्डिंग मला येतं, पण ते नांगराचं. गाडीच्या पातळ पत्र्याला हात लावलेला नाही. वर्षाला लाखभर रुपये बाजूला काढू शकतो.

प्रश्न एकच: आधी इंजिन करू की आधी पत्रा? इथं दोन जण भेटले, दोघांनी दोन उलट सल्ले दिले.

उद्यमनगरी | ९ नोव्हेंबर

कोल्हापुरात असून इतके दिवस गप्प बसलात! स्वागत.

उत्तर देण्याआधी मला सांगा: इंजिन हाताने फिरतंय का? आणि कृपा करून बॅटरी जोडून स्टार्टर मारू नका. एकवीस वर्षं उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, धरून बसलेल्या असतात. स्टार्टर मारला की रिंग तुटते, नाहीतर बोअरला ओरखडा जातो.

चारही प्लग काढा. प्रत्येक भोकात अर्धा कप डिझेल आणि थोडं इंजिन ऑइल एकत्र करून ओता. आठ दिवस तसंच राहू दे, मधे एकदा पुन्हा ओता. मग गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून दोघांनी हळू मागेपुढे हलवा. जोर लावायचा नाही, नुसतं डुलवायचं. हललं तर अर्धी लढाई जिंकली.

नानापेठकर | ९ नोव्हेंबर

माझं मत स्पष्ट: आधी पत्रा.

ही गाडी जीपसारखी वेगळ्या चासीवर बसवलेली नाही. तळ, दाराखालचे डबे, खांब, सगळं मिळून एकच सांगाडा आहे. तोच कुजला असेल तर त्यात नवं इंजिन बसवून काय करणार? पेचकस घ्या आणि या जागी टोचून बघा: दाराखालच्या पत्र्याच्या डब्याचा खालचा कडा, पुढच्या पायाखालचा तळ, मागच्या पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) टोकं जिथं बॉडीला येऊन मिळतात ती जागा, आणि बॅटरीच्या तबकाखाली. पेचकस आरपार गेला तर तिथं पत्रा नाही, नुसता रंग आहे.

गोठ्याची जमीन म्हणजे ओल आणि गोमूत्र. खालून नक्की खाल्लं असणार.

मिरची_पावडर | ९ नोव्हेंबर

फोटो! फोटो टाका आधी.

दापोलीचा_बापू | १० नोव्हेंबर

दूधगंगा, तुम्ही घरी करताय हे वाचूनच बरं वाटलं. मी माझी ७१ ची डिलाइट एका गॅरेजला दिली होती. 'सहा महिन्यांत देतो' म्हणाले. चार वर्षं गेली. मी परत आणली तेव्हा सोबत सात खोकी होती आणि आठव्या खोक्याचा कुणालाच पत्ता नव्हता. त्यात डॅशबोर्डाचे घड्याळी काटे, दारांच्या आतल्या मुठी आणि पुढच्या ग्रिलची मधली पट्टी होती. पट्टी मला अजून मिळाली नाही.

म्हणून एवढंच सांगतो: सगळी गाडी एकदम उघडू नका. एक भाग उघडा, तो पुरा करा, परत बसवा, मग दुसरा. प्रत्येक बोल्ट निघाला की लगेच प्लास्टिकच्या पिशवीत, वर चिठ्ठी. चिठ्ठीवर 'बोल्ट' असं लिहू नका. 'डाव्या मडगार्डचा बॉनेटकडचा, वायसर दोन' असं लिहा. आज आठवतं ते दोन पावसाळ्यांनी आठवत नाही.

आणि इथं कोकणात आम्ही जे शिकलो ते: समुद्राची हवा असो की गोठ्याची, उघडा पत्रा एक रात्रही तसा सोडायचा नाही. घासला त्याच दिवशी प्रायमर.

दूधगंगा | १७ नोव्हेंबर

फोटो टाकलेत. रंग मूळचा हलका निळा आहे, बॉनेटखाली अजून चमकतो.

इंजिन हललं! आठ दिवस डिझेल घालून ठेवलं, आज बाबा आणि मी डुलवत होतो. पहिली पाच मिनिटं काहीच नाही, मग खालून 'कट्' असा आवाज आला आणि पंख्याचं पातं वितभर फिरलं. बाबा लगेच आत जाऊन आजीला सांगून आले.

नानापेठकर, तुमचा पेचकस तीन जागी आरपार गेला. पुढचा उजवा तळ, डाव्या डब्याचं मागचं टोक आणि बॅटरीखालचा पत्रा. पाट्यांच्या जागा मात्र ठणठणीत आहेत.

नानापेठकर | १७ नोव्हेंबर

पाट्यांच्या जागा ठीक आहेत म्हणजे तुमची गाडी वाचली. बाकीच्या तीन जागा म्हणजे ठिगळकाम.

वेल्डिंगबद्दल: नांगराला चालतो तो रॉड इथं भोक पाडेल. भाड्याने मिग मशिन (पातळ पत्र्याला चालणारं, तारेचं वेल्डिंग) घ्या आणि आधी भंगाराच्या पत्र्यावर सराव करा. एकसलग रेघ ओढायची नाही. एक टाका इथं, दुसरा वितभर लांब, मग मधे. नाहीतर पत्रा तापून पापडासारखा वाकतो. आणि कुजलेल्या पत्र्यावर नवा पत्रा चढवून वर लांबी (पुट्टी) फासणारे खूप आहेत. तसं करू नका. कुजका भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून काढायचा, मगच नवा तुकडा.

टॅक्सीवाल्याची_लेक | १९ नोव्हेंबर

नमस्कार. मी गाड्यांतली जाणकार नाही. पण माझ्या वडिलांनी मुंबईत तीस वर्षं पद्मिनी टॅक्सी चालवली, त्यामुळे हा धागा सोडवेना.

डिलाइटचीच पुढे १९७२ च्या सुमारास प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये पद्मिनी. इंजिन तेच, १०८९ सीसी. म्हणजे पद्मिनीचं पुष्कळ सामान तुम्हाला चालेल. वडील म्हणतात, हँडल गिअर कधी जाम वाटला तर गिअरबॉक्स उघडायची घाई करू नका. स्टिअरिंगच्या खांबापासून खाली जाणाऱ्या सळ्यांच्या टोकाला जे बुश असतात ते झिजतात आणि गिअर अर्ध्यात लागतो. ते बुश बदलले की नव्यासारखा पडतो. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्यावरच टाकायचा, चालत्या गाडीत टाकला की दात करकरतात.

३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आणि शेवटची नोंद झाली होती २९ ऑक्टोबर २००३ ला, ताडदेवला. त्या दिवशी वडील जेवले नाहीत. आमच्या माळ्यावर अजून एक पेटी आहे: दोन वॉटर पंप, एक डिस्ट्रिब्युटर, पॉइंट-कंडेन्सरचे जोड, क्लच प्लेट, खालच्या पाण्याच्या पाइपा. विकायची नाही म्हणतात. 'चालवणाऱ्याला द्यायची' म्हणतात. तुमचा पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा.

दूधगंगा | १९ नोव्हेंबर

ताई, काय लिहू कळत नाही. काकांना माझा नमस्कार सांगा. गाडी सुरू झाली की पहिला फोन त्यांना.

मिरची_पावडर | २० नोव्हेंबर

टॅक्सीचं कॅरिअर आठवलं. छपरावर गाद्या, वळकट्या, तुळस, आणि आत सात माणसं. कुर्ल्याहून ठाण्याच्या लग्नाला आम्ही असेच गेलो होतो. सहावीत होते, पुढच्या सलग सीटवर ड्रायव्हरकाका आणि बाबांच्या मधे बसायला मिळालं होतं. हँडल गिअरमुळे पाय ठेवायला जागा असायची!

जुनंते_सोनं | २० नोव्हेंबर

ती टॅक्सी कुर्ल्याचीच लेक होती. प्रीमियरचा कारखाना कुर्ल्यालाच होता.

पण मला एक मुद्दा आधीच मांडायचाय. दूधगंगा, गाडी ५० वर्षांवरची आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. अट अशी की गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपुढची हवी आणि मूळ रूपात हवी, बॉडी-इंजिनात मोठा बदल नको. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, १० वर्षांची मुदत. नव्या नोंदणीच्या नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, पण आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. तेव्हा डायनामो (दिव्यांना-बॅटरीला वीज देणारं मूळ यंत्र) काढून त्याजागी अल्टरनेटर, दुसरंच इंजिन, असले उद्योग सुरुवातीलाच टाळा. ६७ ची गाडी ६७ चीच राहिली पाहिजे.

रेडिएटर_फुटला | २० नोव्हेंबर

असहमत, आणि जोरात असहमत.

व्हिंटेज नोंदणीत गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, तेल भरणं, एवढंच. दूधगंगांच्या आजीला ज्योतिबाला जायचं असेल तर? साधी नोंदणी चालू ठेवून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करणं त्यांच्या उपयोगाचं आहे. आणि रात्री घाटात दिवे मंद पडतात तेव्हा मूळ डायनामोचा अभिमान कामाला येत नाही. मी अल्टरनेटर लावलाय. जुना डायनामो तेल लावून कापडात गुंडाळून ठेवलाय, पाहिजे तेव्हा तासाभरात परत बसेल. बॉडीला एकही नवं भोक पाडलेलं नाही.

जुनंते_सोनं | २१ नोव्हेंबर

परत बसवता येईल असा बदल असेल तर माझी तक्रार नाही. भोक पाडायचं नाही, कापायचं नाही, मूळ भाग टाकायचा नाही. या तीन गोष्टी पाळल्या तर पुढच्या पिढीला हवं ते करता येतं. माझा राग आहे तो डॅशबोर्ड कापून टेप बसवणाऱ्यांवर.

रेडिएटर_फुटला | २१ नोव्हेंबर

त्यावर आपण एक आहोत.

दूधगंगा | ८ डिसेंबर

काकांची पेटी आली. प्रत्येक वस्तू १९९० च्या दशकातल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली. बाबांनी सामान बाजूला ठेवून आधी सगळी वर्तमानपत्रं वाचली.

एक अडचण. कंस, बिजागऱ्या, पेडल, बॅटरीचं तबक असे छोटे भाग गंजाने भरलेत. घासून हात सोलले. ॲसिडमध्ये टाकू का?

उद्यमनगरी | ८ डिसेंबर

ॲसिड नको. चांगलं लोखंडही खातं, आणि सांध्यात राहिलेलं ॲसिड वर्षभराने रंगातून बाहेर पडतं.

तुम्ही उसाच्या मुलखात आहात. पशुखाद्याच्या दुकानातून मळी आणा. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, प्लास्टिकच्या पिंपात. भाग बुडवा आणि पंधरा दिवस विसरा. मळी गंज सोडवते, लोखंडाला जवळजवळ हात लावत नाही. काढल्यावर धुवा, लगेच उन्हात वाळवा, लगेच प्रायमर. ॲल्युमिनियम आणि जस्ताचे भाग त्यात चुकूनही टाकू नका, ते खाल्ले जातात. म्हणजे कार्ब्युरेटर नको आणि इंजिनचं हेडही नको, या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आहे.

वास येतो. पिंपाला झाकण घट्ट लावा.

दूधगंगा | २९ डिसेंबर

मळी म्हणजे जादू आहे! बॅटरीचं तबक राखाडी, कोरं, छापलेले आकडेसुद्धा दिसतायत.

झाकणाबद्दल मात्र तुम्ही सांगितलं ते अजून ठळक सांगायला हवं होतं. आमच्या म्हशीने दावं तोडून पिंप आडवं केलं. क्लचचं पेडल शेणात सापडलं. म्हैस ठीक आहे, डॉक्टरांनी तपासली.

मिरची_पावडर | २९ डिसेंबर

म्हशीला क्लबची सभासद करून घ्या!

तुरीनकर | ३ जानेवारी २०२५

उशिरा आलो. कामानिमित्त सहा वर्षं इटलीत तुरीनला आहे, मूळचा साताऱ्याचा. इथं या गाडीला 'मिल्लेचेंतो' म्हणतात, म्हणजे नुसतं 'अकराशे'. रविवारी म्हातारे लोक काढतात आणि मी रस्त्यात थांबून बघत राहतो. एकाला मी मोबाइलवर मुंबईची काळी-पिवळी दाखवली. त्याने बायकोला हाक मारून दाखवली.

कामाची गोष्ट: इथं रबर बीडिंग, गॅस्केट, ब्रेकच्या वाट्या (तेल अडवणारी रबरी सील) अजून नव्या बनतात. पण एक सापळा आहे. इटलीतल्या ११०० डी ला १२२१ सीसीचं इंजिन होतं, बोअर ७२ मिमी. आपल्या डिलाइटचं १०८९, बोअर ६८. स्ट्रोक दोन्हीला ७५ च. नाव सारखं बघून हेड गॅस्केट किंवा पिस्टन मागवलेत तर बसणार नाहीत. काचांची आणि दारांची रबरं मात्र मी मोजून आणू शकतो. फेब्रुवारीत येतोय. यादी द्या, मापं द्या, शक्य तर जुन्या रबराच्या कापाचा फोटो पट्टी शेजारी ठेवून द्या.

दापोलीचा_बापू | ३ जानेवारी

ग्रिलची मधली पट्टी...

तुरीनकर | ३ जानेवारी

बापू, शोधतो. शब्द देत नाही, पण शोधतो.

दूधगंगा | १३ जानेवारी

कालच्या रविवारचं लिहायलाच हवं.

नानापेठकर पुण्याहून पहाटे निघून आले. उद्यमनगरी, रेडिएटर_फुटला आणि बापू पण आले. बापूंनी दापोलीहून सुपारीची रोपं आणली आजीसाठी. गोठ्यासमोर लाकडी तिवई उभी केली, शेतातली चेन कप्पी लावली, आणि अडीच तासांत इंजिन बाहेर. मी एकट्याने हे केलं असतं तर कुठं काय अडकलंय हे कळायलाच चार रविवार गेले असते. गिअरच्या सळ्या सोडायच्या राहिल्या होत्या. उद्यमनगरींनी कप्पीवरच्या साखळीचा ताण हातानं बघून ओळखलं, 'थांबा, खाली काहीतरी धरलंय'.

दुपारी आईने तांबडा-पांढरा केला होता. जेवणावर पुन्हा अल्टरनेटरचा वाद झाला. आजीने निकाल दिला: 'दिवे लागले पाहिजेत.' जुनंते_सोनं, तुम्ही नव्हतात, तुमची बाजू मी मांडली होती.

नानापेठकरांनी मला मिगचे टाके शिकवले. पहिली दहा ठिगळं भंगारावर, अकरावं बॅटरीच्या जागेवर. त्यांनी त्यावर नख फिरवून बघितलं आणि पुढचा पत्रा माझ्या हातात दिला. त्याहून मोठी शाबासकी मला कॉलेजातही मिळाली नव्हती.

वर्कशॉप_मामा | १४ जानेवारी

वाचतोय पहिल्यापासून. दोन सूचना, जिवावरच्या आहेत म्हणून लिहितो.

एक, पेट्रोलची टाकी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण आत वाफ असते. तिच्याजवळ वेल्डिंग नको, ग्राइंडर नको. पत्र्याचं काम सुरू करण्याआधी टाकी गाडीतून काढून लांब ठेवा. टाकीला भोक असेल तर घरी टाके मारू नका, रेडिएटर-टाक्यांचं काम रोज करणाऱ्याकडे द्या.

दोन, ब्रेकचे ड्रम. उघडल्यावर आत जी काळी पूड असते ती कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲसबेस्टॉस असायचं. पाण्याने ओली करून फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका, तोंडाला मास्क.

दूधगंगा | १४ जानेवारी

मामा, टाकी अजून गाडीतच होती. आजच काढली. मनापासून आभार.

उद्यमनगरी | २ मार्च

इंजिनाचं मीच लिहितो, कारण ते माझ्या शेजारच्या शेडमध्ये आहे.

बोअर मोजला. तिसऱ्या सिलिंडरला गंजाचे खड्डे, बाकी तिघांना झीज. वीस थाउचा (इंचाच्या वीस हजारांश) बोअर मारून काम भागलं, ओव्हरसाइझ पिस्टन पुण्यात नाना पेठेत मिळाले, नानापेठकरांनीच पाठवले. क्रँक घासावी लागली नाही. हेड किंचित वाकलं होतं, फेस मारला, म्हणजे घासून सपाट केलं. व्हॉल्व्ह सीट नवीन बसवल्या, कडक धातूच्या. २००० सालापासून पेट्रोलमध्ये शिसं नाही आणि जुन्या मऊ सीट त्याशिवाय झिजतात, असा माझा अनुभव.

आमच्या उद्यमनगरात बघायला माणसं जमली होती. शेजारचे लेथवाले आजोबा म्हणाले, 'डॉक्टरांची ना ही? माझ्या बहिणीला नेलं होतं हिच्यातून.' बोअर मारायचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. मी खूप सांगून बघितलं.

दूधगंगा | २ मार्च

आजीला हे वाचून दाखवलं. तिने बहिणीचं नाव सांगितलं. बरोबर निघालं.

कार्ब_क्लीनर | ९ मार्च

एक विषय कुणी काढला नाही: आताचं पेट्रोल. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आता सगळीकडे आहे आणि या गाडीचं रबर त्या काळचं. जुन्या नळ्या आतून फुगतात, मऊ होतात, त्यांचे कण सोलेक्स कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतात. पंपाचा पडदा पण जातो. इंधनाच्या सगळ्या नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घ्या, पंपाला नवा पडदा घाला, टाकी आणि पंपाच्या मधे पारदर्शक फिल्टर लावा म्हणजे काय येतंय ते दिसेल. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल साठवू नका.

जुनंते_सोनं | ९ मार्च

पारदर्शक फिल्टर मूळ गाडीत नव्हता, पण माझ्याही गाडीत आहे. हे ज्ञान उपयोगाचं.

दूधगंगा | १५ जून

मधे तीन महिने लिहिलं नाही. उसाची भरणी, मग बाबांचं डोळ्याचं ऑपरेशन. गाडीला हात लागला नाही. आता पाऊस लागलाय आणि रंगाचं काम दिवाळीपर्यंत शक्य नाही, हवेत एवढी ओल असताना रंग पांढुरका पडतो. थोडं खचल्यासारखं झालंय. इंजिन तयार होऊन शेडमध्ये पडलंय, बॉडी प्रायमरमध्ये. कुठून परत सुरू करू?

दापोलीचा_बापू | १५ जून

तीन महिने काहीच नाही. माझ्या गाडीचं एक पूर्ण वर्ष असं गेलंय. उद्या गोठ्यात जा, एकच पिशवी उघडा, एकच बोल्ट बसवा आणि परत या. परवा दुसरा.

वर्कशॉप_मामा | १६ जून

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. सगळे इंजिन की पत्रा यात अडकले. माझं उत्तर: ब्रेक.

चाळीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात काढली, तिथं हेच शिकलो. चालू होणारी आणि न थांबणारी गाडी ही उभ्या गाडीपेक्षा वाईट. इंजिन सुरू झालं की माणसाला राहवत नाही, तो अंगणात एक चक्कर मारतोच. तेव्हा इंजिन परत बसवण्याआधी, जागा मोकळी आहे तोवर, ब्रेक पुरे करा. पाऊस असू दे, गोठ्यात बसून होणारं काम आहे.

चारही चाकांना ड्रम आहेत आणि सगळ्यांना तेल एकाच मास्टर सिलिंडरमधून जातं. एका चाकाची वाटी गळली की चारही चाकांचा ब्रेक जातो. सिलिंडर आतून खड्डे पडलेले असतील तर नुसत्या वाट्या बदलू नका, लेथवर स्लीव्ह घाला. लोखंडी नळ्या सगळ्या नव्या. रबरी होज बाहेरून चांगले दिसले तरी नवे. आतून सुजून ते झडपेसारखे वागतात, ब्रेक लागतो पण सुटत नाही. नवं तेल भरा, हवा काढा, सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात. मग पेडल जोरात दाबून मिनिटभर धरा. हळूहळू खाली गेलं तर कुठंतरी गळतंय.

नानापेठकर | १६ जून

मामा, माझं 'आधी पत्रा' मी मागे घेतो. हे बरोबर आहे.

दूधगंगा | १० ऑगस्ट

ब्रेक झाले. उजव्या मागच्या चाकाचा सिलिंडर आतून पार खाल्लेला निघाला. मामा, पेडल मिनिटभर धरलं, दगडासारखं राहिलं.

तुरीनकरांनी फेब्रुवारीत आणलेली रबरं पुढच्या काचेला बसवली. साबणाचं पाणी, सुतळी, आणि आतून दोरी ओढायला आई.

रेडिएटर_फुटला | ३० ऑगस्ट

कागदांचं बघितलंत का? आजोबांच्या नावावरून वारसाच्या नावावर करायला नमुना ३१ लागतो. आणि २० वर्षांवरच्या गाड्यांचं नूतनीकरण शुल्क याच महिन्यात दुप्पट झालंय, मोटारीला १०,००० रुपये. वर पर्यावरण कर. हिशेबात धरा.

दूधगंगा | ३० ऑगस्ट

आजोबांचं मूळ पुस्तक आजीच्या ट्रंकेत साडीच्या घडीत होतं, जुना तीन अक्षरी नंबर, शाई अजून निळी. साधी नोंदणीच चालू ठेवायची असं ठरलं. जुनंते_सोनं, राग मानू नका.

जुनंते_सोनं | ३१ ऑगस्ट

अजिबात नाही. गाडी चालणार आहे, मला आणखी काय पाहिजे.

दूधगंगा | २ ऑक्टोबर

काल खंडेनवमी. पाने, पेचकस, चेन कप्पी, मिग मशिन, सगळं गाडीपुढे मांडून पूजा केली. गाडी अजून राखाडी प्रायमरमध्ये, पुढचा बंपर नाही.

संध्याकाळी उद्यमनगरी आले. टायमिंग पुन्हा तपासलं, १-३-४-२ च्या क्रमाने वायरी लावल्या. काकांच्या पेटीतला डिस्ट्रिब्युटर, काकांचेच पॉइंट. प्लग काढून आधी स्टार्टर मारला, डॅशबोर्डावरचा तेलाच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत. मग प्लग लावले, चोक ओढला. दोनदा नुसती खोकली. तिसऱ्यांदा कार्ब्युरेटरमधून फटाका वाजला आणि म्हैस उठून उभी राहिली. चौथ्यांदा धरलं.

आवाज मला ओळखीचा नव्हता, मी लहान होतो तेव्हा. बाबांना होता. ते गाडीजवळ आले नाहीत, कण्हेरीपाशीच उभे राहिले. आजीने किराणावाल्याला हाक मारून बोलावलं, 'ये, तुझी खोली बोलतेय.'

मुंबईला काकांना फोन लावून मोबाइल बॉनेटजवळ धरला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'टॅपेट थोडे सैल आहेत. गरम झाल्यावर आवाज ऐकव.'

आज दसरा. अंगणापासून पिंपळाच्या पारापर्यंत जाऊन आलो, पहिला-दुसरा गिअर, मागे आजी. ब्रेक दोनदा मारून बघितला, थांबली.

रंग दिवाळीनंतर. हलका निळा, बॉनेटखालचा जुळवून घेणार. तोवर दोन गोष्टी हव्यात: मागच्या डाव्या दिव्याची काच, आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सैल-घट्ट करायचं नीट माप कुणाकडे मूळ पुस्तकात असेल तर त्या पानाचा फोटो.

टॅक्सीवाल्याची_लेक | २ ऑक्टोबर

वडील सांगतायत, पुस्तक आमच्याकडे आहे. फोटो रात्री पाठवते. कागलला कधी येऊ हे पण विचारतायत.

दापोलीचा_बापू | ३ ऑक्टोबर

काच माझ्याकडे जास्तीची आहे, उद्या कुरिअर करतो. डावीच आहे, तपासून बघितली.